शुभदाताईचा छोटा कॉम्प्युटर

शुभदाताई आज सकाळी गेली. शेवटपर्यंत हट्टी होती.

आणि त्या हट्टाचा मला अभिमान आहे.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत कॉम्प्युटरचं वेड लागलेले आम्ही तिघं. ताई कॉलेजात गणित शिकवायची. मी आणि अरविंद तिथेच नव्याने नोकरीला लागलेले.

कॉलेजातल्या स्वस्त छोट्या कॉम्प्युटरसाठी, टीव्हीवर साधी मराठी अक्षरं उमटवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहिला, जोडाक्षरांशिवाय. 'ओपन सोर्स' हा शब्द आमच्या गावीही नव्हता. ताई आपली सगळा कोड छापून मागेल त्याला द्यायची.

मग कॉलेजात पीसी आला आणि आम्हाला शिंगं फुटली.

गुहागरजवळच्या एका शाळेकडे मात्र तोच स्वस्तातला छोटा कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. मेमरी एवढीशी. आणि त्यांना पोरांची नावं नीट मराठीत हवी होती.

अरविंद म्हणाला, "ताई, त्या खेळण्यावर इंग्रजीच असू दे. मराठी पीसीवर करू."

ताई भडकली.

"अरे मेल्या, ती पोरं पीसी बघायला रत्नागिरीत येणारेत काय? त्यांच्याकडे जो आहे, त्याच्यावरच चालायला हवा!"

बोलणं सोपं होतं. जोडाक्षरं काही केल्या मेमरीत बसेनात. ताईने रंग काढले, अरविंदची लाडकी नक्षी काढली. तरी जागा कमीच.

मग तिने पहिला स्क्रीनच उडवला. आमच्या तिघांच्या नावांचा!

मला फार लागलं ते. "ताई, निदान नावं तरी?"

"नावं घेऊन काय लोणचं घालायचंय? जोडाक्षरं बसतायत बघ तिथे."

बसली!

कॅसेट घेऊन तिघंही एसटीने गेलो. टेप किंचाळली, पडदा लुकलुकला. ताईने पहिल्या बाकावरच्या मुलीला नाव विचारलं आणि टाइप केलं.

प्रज्ञा.

टीव्हीवर. मराठीत. जोडाक्षरांसकट.

वर्गात एकच गलका. "बाई, माजां पण नाव काडा ना!"

अरविंद खुर्ची ओढून बसला तो शाळा सुटेपर्यंत उठला नाही. एकेकाचं नाव टाइप करत होता. ताई दारात उभी राहून नुसती हसत होती.

माझा भाचा सॉफ्टवेअर लिहितो. परवा म्हणाला, "मामा, जुन्या स्वस्त मोबाईलसाठी कोण डोकं फोडणार?"

त्याला म्हटलं, बस इथे. आमच्या ताईबद्दल सांगतो.

तो जोडाक्षरांचा प्रोग्रॅम शुभदा लिमये यांनी लिहिला होता. कुठल्याच पडद्यावर हे कधी आलं नाही, म्हणून आज मी लिहितोय.

ताई, इथे जागेची अडचण नाही गं.

मनापासून नमस्कार.