पुढच्याची लाकडं

आमच्या सासूबाई करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, त्या दिवशी त्यांनी कपड्यांची पिशवी कॉटखाली सरकवली. वर्ष होत आलं तरी ती रिकामी केली नव्हती. लुगडं त्यातूनच काढायचं, वाळलं की घडी करून परत त्यातच. कपाटातला त्यांच्यासाठी ठेवलेला कप्पा मोकळाच. स्वयंपाकघरातही पाहुणीसारख्या दाराशी उभ्या राहायच्या. एक दिवस पिशवी उचलून भावाकडे गावी निघून जातील, याचा मी धसका घेतला होता. मला त्या घरात हव्या होत्या.

एका रविवारी आम्ही त्यांना त्यांच्या माहेरच्या डोंगरातल्या लेण्यात घेऊन गेलो. लेणं कसलं, एक खोलीच. भिंतीलगत कोरलेला दगडी ओटा, त्यावर पूर्वी भिक्खू झोपायचे म्हणतात. छताला वटवाघळं लोंबत होती, उंबऱ्याशी साळिंदराचा काटा पडला होता. लहानपणी पावसात शेळ्या आत घालून सासूबाई याच ओट्यावर बसायच्या.

त्या ओट्यावर हात फिरवत होत्या, तेवढ्यात आमच्या साहेबांनी कचऱ्याची काळी पिशवी काढली. सोसायटीचे सेक्रेटरी ना! कोपऱ्यात काजळलेल्या तीन दगडांपाशी सुक्या काटक्या रचलेल्या होत्या. "पिकनिकवाल्यांची घाण," म्हणत त्यांनी त्या पिशवीत कोंबल्या.

"अरं बाला, काय करतंस! ती पुडच्याची लाकडं!"

पुढचा म्हणजे जो कोणी भिजून येईल तो. आयती लाकडं त्याने पेटवायची आणि उघडीप झाली की निघण्याआधी दुसरी आणून ठेवायची. "माजं लगीन झाल्यापासून मी इथं आली नाय. तरी कोनतरी ठेवतंय," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला होता की पाहत राहावं.

साहेबांनी काटक्या परत रचल्या. वर आईच्या हुकमावरून करवंदीचे काटे टोचून घेत आणखी दोन मोळ्या आणल्या. मी पोटभर हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले. गॅसवर चहाचं पातेलं, त्यात मोजून पाणी, शेजारी साखर, पावडर, किसलेलं आलं आणि लायटर.

"आई, हे कुणासाठी?"

"जो पयला उठंल त्याच्यासाठी," आतून आवाज आला.

आत जाऊन पाहिलं, तर त्या कपाटापुढे बसून कप्प्यात लुगडी लावत होत्या. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली.