मामाजींची दुसरी पत्रिका

माझं लग्न मोडण्याचा जितका मनापासून प्रयत्न माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी केला, तितका माझ्या एखाद्या वैऱ्यानेही केला नसता. त्यांचा माझ्यावर राग होता असं नाही. तोवर त्यांनी मला पाहिलंही नव्हतं. खरं असेल ते चारचौघांसमोर आणि शक्यतो आकृती काढून सांगायचं, एवढीच त्यांची खोड होती. या खोडीपायी घरच्यांना किती घाम फुटायचा, याची त्यांना कल्पना होती की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मामाजी नागपुरातल्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. लग्न केलेलं नव्हतं, राहायला बहिणीकडे, म्हणजे माझ्या सासुरवाडीलाच होते. तिशीत त्यांना कोड निघालं. आधी ओठांच्या कडेला, मग डोळ्यांभोवती, मग दोन्ही हातापायांवर. काही महिने त्यांनी वैद्यांचं ऐकून बावचीचा लेप लावला आणि नागपूरच्या उन्हात बसून अंगावर फोड आणून घेतले. मग एक दिवस लेपाची वाटी घासून स्वयंपाकघरात परत केली आणि इलाज सोडून चौकशी धरली. हे माझ्यापर्यंत आलं कुठून? माझ्या आजीला होतं, आईला नव्हतं, बहिणीला नाही, मला आहे, हे कसं काय? तेव्हापासून ट्रेसिंग पेपरची एक भली मोठी गुंडाळी त्यांच्या काखेत आली. तिच्यावर अख्ख्या घराण्याची वंशावळ. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, कोड असेल तर आतून काळं. स्वतःच्या चौकोनाकडे त्यांनी एक बाण काढला होता, चौकशी इथून सुरू झाली म्हणून.

घरचा कागद भरल्यावर त्यांनी लोकांची घरं धरली. रस्त्यात कुणाच्या कानामागे पांढरा डाग दिसला की मामाजी सायकलवरून उतरलेच. एकदा काटोलच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी आजी, आजोबा, आत्या, मावश्या, कुणाला किती मुलं, कुणाचं लग्न कुठे झालं, असं सगळं इतक्या आस्थेने विचारलं की तो गृहस्थ त्यांना लग्नं जुळवणारा समजला. उतरताना त्याने धाकट्या मुलाची सगळी माहिती लिहून दिली. मामाजींनी ती जपून ठेवली, कारण तिच्यात दोन आत्या जास्तीच्या सापडल्या होत्या.

मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड होतं, हे कुणी बोललं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. एका मित्राकडच्या जेवणात त्यांनी सगळ्यांदेखत मासे खाल्ले, वर पेलाभर दूध प्यायले आणि म्हणाले, "आता पाहा मले सहा महिन्यांनी." पंगतीतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "तुले तं आधीचंच आहे गा. तुयावर प्रयोग कसा होईल?" मामाजी विचारात पडले. आक्षेप शास्त्रशुद्ध होता. त्यांनी म्हाताऱ्याचे आभार मानले आणि पुढच्या रविवारी हाच प्रयोग आपल्या मेहुण्यावर, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांवर केला. सासऱ्यांना कोड झालं नाही. जे झालं त्यात ते दोन दिवस घराबाहेर पडू शकले नाहीत, पण त्याची नोंद मामाजींनी केली नाही, कारण तो त्यांचा विषय नव्हता.

अशा माणसाला मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात घरात ठेवणं शक्यच नव्हतं. सत्तर-बहात्तरचा सुमार असेल. सुमनला, म्हणजे आता माझ्या बायकोला, आलेली दोन स्थळं या गुंडाळीने पिटाळली होती. तिसरं स्थळ मी. ही सोयरीकही फिसकटली तर पुढे कुणी दारात येणार नाही, या धास्तीने सासूबाईंनी भावाला सकाळीच काटोलला धाडलं. पाहुण्यांसाठी संत्री तिथलीच हवीत म्हणे. मामाजी आज्ञाधारक माणूस. गेले, संत्री घेतली, आणि लगेचच्या बसने परत आले.

आमचा चिवडा खाऊन झाला होता, पत्रिका जुळली होती, सुमन चहा देऊन आत गेली होती. तेवढ्यात दारातून संत्र्यांची पिशवी, काखेतली गुंडाळी आणि त्यामागे मामाजी आत आले. सासूबाईंनी डोळे मिटले.

"एक पत्रिका पाहिली न जी? आता हे बी पाहून घ्या," असं म्हणून त्यांनी बशा सरकवून कागद पसरला. "हा बाणवाला मी. ही पोरगी माह्या बहिणीची. तिले काही नाही. तिच्या लेकराईले होईलच असं नाही, होणारच नाही असंबी नाही. हे पुस्तकातल्या वाटाण्यासारखं सरळ चालत नाही. एक गुण नाही, कितीतरी गुण मिळून येतात. मंग अंगातले शिपाई चुकून आपल्याच रंगावर धावून जातात. एकाच घरात एकाले कोड, दुसऱ्याले गळ्याची गाठ, अन् तिसरा एकदम कोरा."

माझे वडील उठले. टोपी डोक्यावर ठेवून म्हणाले, "कळवतो."

"बसा न जी," मामाजी म्हणाले, "तुमची बाजू तं कोरीच राहून गेली. तुमच्याकडे कोणाले?"

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," वडील म्हणाले.

त्यावर, सकाळपासून चिवड्याच्या स्तुतीपलीकडे एक शब्द न बोललेली माझी आई खाली बघत म्हणाली, "वन्सबाईंले आहे. पाठीवर अन् दंडावर. म्हणूनच तं आज त्याईले आणलं नाही."

माझी आत्या नागपूरच्या मे महिन्यातही गळाबंद, लांब बाह्यांचं पोलकं घालायची. तिला थंडी फार वाजते, अशी माझी पंचविशी उलटेपर्यंतची समजूत होती. वडील टोपीसकट खाली बसले. मामाजींचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी खिशातून पेन काढलं, एक नवं वर्तुळ काढून काळं केलं आणि आईला विचारलं, "सुरू झालं तवा वय काय होतं, बाई?" त्या घरात कुणाकडे पाहून लाज वाटावी, असं आता कुणीच उरलं नव्हतं. संध्याकाळच्या आत लग्न ठरलं.

आमच्याकडे नवरीला मांडवात मामा आणतो. लग्नाच्या दिवशी कुठल्याशा वडीलधाऱ्यांनी कुजबुज केली, की हातभर कोड असलेल्या माणसाने नवरीला धरून आणणं बरं दिसत नाही, लांबचे एक मामा आहेत, त्यांना सांगावं. आता मामाजी कागद काढून भांडणार, म्हणून मी कान टवकारले. पण ते चटकन म्हणाले, "बराबर आहे. त्याईलेच आणू द्या." कोड शिवून पसरत नाही, हे अख्ख्या नागपूरला ओरडून सांगणारा माणूस इतक्या सहज बाजूला झाला. मला ते मुळीच आवडलं नाही. पण मी नवरदेव होतो, आणि नवरदेवाला त्या दिवशी कुणी विचारत नाही.

सुमन मात्र खोलीतून उठेना. मामाजी आणतील तर येते, नाहीतर मुहूर्त जाऊ द्या, असा तिचा निरोप आला. मी अंतरपाटामागे पाटावर उभा. भटजी घड्याळ पाहताहेत. अंतरपाटाखालून मला फक्त जमीन दिसत होती. शेवटी तिथे चार पावलं आली. दोन हळदीने पिवळी, दोन ठिकठिकाणी पांढरी. मांडवाच्या मधोमध ती थांबली.

"मी तुया शेल्याचा काठ धरतो नं वं. चाल," मामाजींचा आवाज अगदी खाली गेला होता.

"हात धरा, मामाजी."

"लोक पाहून राहिले, बाई."

"पाहू द्या. दहा वर्षांची होती मी, तवापासून तुम्ही मले हात नाही लावला. काहून?"

पांढरी पावलं जराशी मागे सरली. मग मामाजी म्हणाले, "मले मालूम आहे वं, काही होत नाही. पण तुले काही झालं असतं तं?"

अंतरपाटामागे मला रडू आलं, आणि ते कुणाला दिसलं नाही हे बरंच झालं. पावलं पुन्हा चालू लागली.

मामाजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आमची दोन्ही मुलं कोरी आहेत. असली काय, नसली काय, त्याची चिंता आम्ही मामाजींच्या हयातीतच सोडली होती. सुमन अजून कधीतरी त्या दिवसाचं बोलते. म्हणते, मामाजींचा हात गारठलेला होता, घामाने चिंब होता. पाटापाशी पोचल्यावर भटजी म्हणाले, "मामा, आता सोडा." मामाजींना ते ऐकू गेलं नाही. भटजींना पुन्हा सांगावं लागलं.