दगड धरून चौघं

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण ही गोष्ट ऐकली की बायकासुद्धा त्याचीच बाजू घेतात. किती काळजी करतो गं तुझी, म्हणतात. काळजी या शब्दाने माझं डोकं जितकं फिरतं, तितकं शिवीनेही फिरत नाही.

मला नाशिकहून पेठमार्गे समुद्रापर्यंत सायकलने जायचं होतं. एका दिवसात आणि एकटीने. पेठ सोडलं की रस्ता गुजरातेत उतरत उतरत थेट किनाऱ्याकडे जातो. रविवारी ग्रुपबरोबर मी पुष्कळ फिरले आहे, पण ग्रुपमध्ये पुढे कोणीतरी असतं, मागे कोणीतरी असतं. सातपूरच्या कारखान्यात माझ्या टेबलाभोवती माणसं, घरी माणसं. खोलीचं दार लावून घेतलं तर लगेच कोणीतरी विचारतं, बरं वाटत नाही का? पन्नाशी आली तरी एक अख्खा दिवस मी एकटी म्हणून कधी राहिले नव्हते. तो दिवस मला हवा होता, बाकी काही नको होतं.

घरात यावर महिनाभर खल झाला. शेवटी नवऱ्याने कबूल केलं की गाडी मागे आणणार नाही. मी पेठहून एक फोन करायचा, पोहोचल्यावर एक करायचा, रात्री तिथल्या लॉजवर राहायचं आणि सकाळी बसने परत यायचं. सासूबाई कशावरच फारशा बोलत नाहीत, जे करायचं ते करतात. पहाटे त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि डब्यात बाजरीची भाकरी बांधून दिली.

जानेवारीतली थंडी होती. शहर मागे पडेपर्यंत बोटं इतकी बधिर झाली की ती ब्रेकवर आहेत का, हे बघून खात्री करावी लागत होती. द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटलेल्या होत्या, धूर जमिनीलगत पसरला होता. नाक गळत होतं. बघायला कोणी नाही म्हणून ते खुशाल बाहीला पुसलं. मोठ्याने गाणं म्हटलं, तेही बेसूर. ऊन वर आलं तसा सावळघाट लागला आणि मी एकदाही पाय न टेकता तो चढले. इतकी खूश मी कधी होते, ते मला आठवत नाही.

घाट संपल्यावर टपरीवर चहा घेतला. तेवढ्यात नाशिककडून सुरगाण्याची एक जीप आली. ड्रायव्हर चहाला उतरला, सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला बरं वाटावं म्हणूनच बोलला.

"ताई, खाली वळणावर पांढरी गाडी हुभी हाय. आजीबाई म्हनत व्हत्या, सायकलवाली सून वर पोचली का तेवढं बघा."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या टपरीवर कळलं. चहा तसाच ठेवला. चढलेला घाट सायकलने पुन्हा उतरले. उतारावर वारा कापत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थंडीचं नव्हतं.

तिसऱ्या वळणावर गाडी दिसली. नवरा बॉनेटला टेकून थर्मासमधला चहा पीत होता. सासूबाई मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत नवरा समजावू लागला. नाशिकपासून मागेच होते म्हणे, पण लांबून. मला दिसू नये इतकं अंतर ठेवलं, त्याचंही त्याला कौतुक होतं. काही झालं असतं तर, एवढं एकच पालुपद.

"आणि चिडतेस कशाला?" तो म्हणाला. "एकटीच तर आहेस. आम्ही फक्त मागे आहोत."

मी उत्तर देणार होते, तेवढ्यात मला डॅशबोर्डवर दगड दिसला. लिंबाएवढा, काळा, आमच्या तुळशीच्या कुंडीतला.

आमच्या घरी तिघं मिळून प्रवासाला निघत नाहीत. तीन तिगाडा, काम बिगाडा. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घेतात. गाडीत माणसं दोन होती. तिसरी मी. म्हणजे माझ्या हातावर दही ठेवायच्या आधी सासूबाईंनी कुंडीतून दगड उचलून ठेवला होता. मी एकटी निघालेच नव्हते. घरातून आम्ही दगड धरून चौघं निघालो होतो, आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

मी खिडकीतून हात घालून दगड उचलला आणि सासूबाईंपुढे धरला.

"आई, मला तुमच्यात मोजू नका."

नवरा म्हणाला, हे काय पोरकटपणाचं. सासूबाई मात्र दगडाकडे बघत राहिल्या. त्यांचा हिशेब चालला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग हा तूच घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तू नाहीस तर आम्ही दोघंच. दगड ठेवला की तीन होतील." आणि मुलाला म्हणाल्या, "गाडी वळव."

महिनाभर मी घसा फोडून जे सांगत होते, ते कोणाला पटलं नाही. दगडाच्या हिशेबाने पटलं. याचंही मला हसू आलं नाही, उलट अधिकच संताप आला. दगड खिशात टाकला आणि घाट पुन्हा चढायला लागले. यावेळी दोनदा पाय टेकावा लागला.

त्यांनी शब्द पाळला. गाडी पुन्हा मागे आली नाही, पेठहून केलेल्या फोनवरही नवरा नीट बोलला. पण त्यानंतर मी गाणं म्हटलं नाही. प्रत्येक वळणावर कान मागे होते, एखादी पांढरी गाडी हॉर्न देत पुढे गेली की मी तिचा नंबर बघायचे. नाक रुमालाने पुसलं.

संध्याकाळी रस्ता संपला आणि समोर समुद्र दिसला. मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्यांनी मला एकटीला सोडलं होतं, आणि मला आता एकटं राहता येत नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.