पंचतारांकित घासाघीस

सांगतो, पण आवाज जरा हळू ठेवा. वसुधा आत आहे, आणि हा किस्सा ती माझ्यापेक्षा चांगला सांगते. तिच्या सांगण्यात मी फारच मूर्ख दिसतो. माझ्या सांगण्यात थोडा कमी दिसेन, एवढीच आशा.

आमचं घर विद्यानगरला, ते तुम्ही पाहिलंय. पण हैदराबादेत मराठी माणसाचं घर असणं म्हणजे काय, याची तुम्हाला कल्पना नाही. सुट्टी लागली की नांदेड, परभणी, लातूर, सगळीकडून आमच्या नातेवाइकांना हैदराबाद पाहायची ओढ लागते. चारमिनार बघायचा, मोत्यांचे सर घ्यायचे, बिर्याणी 'नुसती चव बघायला' खायची. आणि झोपायला, अंघोळीला, चहाला आमच्याकडे. वसुधा शाळेत शिकवते. तिला सुट्टी मिळते ती पाहुण्यांचे टॉवेल वाळत घालायला.

दसऱ्याच्या आधी एकदा गच्चीवर असेच टॉवेल घालता घालता ती थांबली. म्हणाली, "अहो, मला दागिना नको, साडी नको. एक सकाळ मला कोणीतरी चहा आणून द्यावा आणि तो कप मी विसळू नये. बास."

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि बाईची मागणी काय, तर दुसऱ्यानं विसळलेला एक कप. मला खरंच वाईट वाटलं हो. मग अशा वेळी मी जे करतो तेच केलं. छाती पुढं काढली आणि म्हटलं, "हायटेक सिटीकडं ते काचेचं मोठं हॉटेल आहे ना, फाइव्ह स्टार? दसरा झाला की शनिवारी तिथं राहायचं. आपण तिघं."

तिसरी म्हणजे आमची केतकी. कॉलेजात आहे, आणि मोबाईल तिच्या हाताला चिकटलेला आहे. तिनं तिथल्या तिथं त्या हॉटेलचा दर काढून माझ्या नाकासमोर धरला.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच. त्या एका रात्रीत आमच्या अख्ख्या फ्लॅटला रंग देऊन झाला असता, खिडक्यांसकट.

"लाँग वीकेंड आहे, बाबा. आत्ताच बुक करा. अजून वाढेल."

"मोबाईलशी कोणी भाव करतं का? त्याला तोंड आहे का? समोर जाऊ, बोलू, उतरवू."

"फाइव्ह स्टारमध्ये?"

"दुकान ते दुकानच," मी म्हणालो. हे वाक्य वसुधा अजून मला ऐकवते.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. माझं शिक्षण दोन ठिकाणी झालं. एक कॉलेजात, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. दुसरं सुलतान बाजारात, आईचं बोट धरून. दुकानदार भाव सांगतो. आपण दचकायचं. मग मालाला नावं ठेवायची. मग निम्मा भाव सांगायचा. तो हसतो. आपण पिशवी उचलायची आणि चालू लागायचं, पण सावकाश, त्याची हाक ऐकू येईल अशा बेतानं. मागून "आओ अम्मा, ले जाओ" असं आलं की सौदा झाला. लोकांना ते भांडण वाटतं. अहो, ती रीत आहे! सांगितलेल्या भावात मुकाट्यानं घेतलं तर दुकानदाराचाच हिरमोड होतो, आपण कमी सांगितला की काय म्हणून.

वसुधाच्या साड्या, घरातला फ्रिज, केतकीची पहिली सायकल, सगळं मी असंच उठून जाऊन घेतलंय. तेव्हा शनिवारी दुपारी बुकिंग न करता, बॅगा भरून आम्ही त्या काचेच्या हॉटेलात शिरलो. वसुधानं ठेवणीतली नारायणपेठ नेसली होती. रिक्षातून उतरताना तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की मिळेल ना हो?" आणि मी रुबाबात म्हणालो, "तू फक्त बघत राहा."

आत गारवा असा की घाम जागच्या जागी वाळला. एका बाईनं आमच्या हातात कसलंसं हिरवं सरबत दिलं. मी वसुधाच्या कानात म्हणालो, "बघ, गिऱ्हाईक पटवतायत. म्हणजे खोल्या रिकाम्या आहेत."

काउंटरवर केतकीपेक्षा थोडीच मोठी एक मुलगी होती. तिनं हसून दर सांगितला. मोबाईलवर पाहिला होता त्याच्या वर.

दचकायचं नाटक करायची मला गरजच पडली नाही. पण सावरलो आणि रीतीप्रमाणे पुढं गेलो. "खोलीत खिडकी आहे?"

"यस सर, पूरी दीवार काच की है."

"उघडते का?"

"नो सर, सेंट्रल एसी है."

"देखो," मी म्हणालो, "खिडकी खुलती नै, और रेट इतना? हवा बंद, कमरा बंद. कुछ तो कम करो, अम्मा."

केतकी तिथल्या एका फुलदाणीमागे जाऊन उभी राहिली.

"सर, ये सिस्टम का रेट है," ती मुलगी म्हणाली. "मेरे हाथ में नहीं है."

सुलतान बाजारात पण हेच म्हणतात, सेठ के हाथ में है म्हणून. मी निम्मा भाव सांगितला. ती हसली. मला मनातून बरं वाटलं, सगळं कसं क्रमानं चाललं होतं. मी बॅग उचलली, वसुधाला "चल" म्हटलं, आणि फिरत्या दाराकडे निघालो. सावकाश. इतक्या सावकाश की मागून येणारी एक परदेशी म्हातारी आम्हाला ओलांडून गेली.

हाक काही आली नाही.

दारापाशी मी बुटाची नाडी बांधली. तरी नाही. उलट त्या फेटेवाल्या दरबानानं अदबीनं दार ढकललं, सलाम केला, आणि आम्ही तिघं बॅगांसकट बाहेर उन्हात.

"आता?" वसुधानं विचारलं.

"लाजतायत. नवीन आहे पोरगी. मीच आत जातो, चष्मा विसरलो म्हणून."

"चष्मा नाकावर आहे, बाबा," केतकी म्हणाली.

मी चष्मा खिशात घातला आणि आत गेलो. ती मुलगी म्हणाली, "सर, आप गए उतने में दो रूम चले गए. अब रेट ये है," आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

तुम्हाला सांगतो, मी त्या संगमरवरावर थिजलो. भाव वाढला होता. गिऱ्हाईक उठून गेलं, परत आलं, आणि भाव वाढला! असं कधी ऐकलंय? आमच्या आईला कोणी असं केलं असतं तर तिनं त्या गल्लीत परत पाऊल ठेवलं नसतं. कसला हा बाजार? घाम वाळवायचा आणि परत आणायचा.

"डायनॅमिक प्राइसिंग, बाबा. मागणी वाढली की दर वाढतो. मी सांगितलं होतं," केतकी मागून येऊन म्हणाली.

वसुधाही तिच्यामागून आत येऊन सोफ्यावर टेकली होती आणि बाजूच्या टेबलावर कोणीतरी पिऊन ठेवलेल्या चहाच्या कपाकडे बघत होती. एक पोऱ्या आला, तो कप उचलून घेऊन गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मला गलबलून आलं. शहाणा माणूस असता तर त्या क्षणी पाकीट काढून मोकळा झाला असता.

पण मला आठवला आमच्या घराण्याचा शेवटचा डाव. हा आईबाबा दोघं मिळून खेळत. बाबा चिडून दुकानातून निघून जायचे आणि आई तिथंच मालावर हात फिरवत रेंगाळायची, डोळ्यांत थोडं पाणी आणून. दुकानदार विरघळायचा. बाबा कोपऱ्यावर सोडा पीत उभे असायचे.

मी वसुधाला बाजूला घेतलं. "मी रागावून जातो. तू आणि केतकी इथंच थांबा. तोंड जरा उतरलेलं ठेव."

"ते आहेच," वसुधा म्हणाली.

मग मी असा रागावलो की विचारू नका. "नक्को हमको तुम्हारा कमरा," म्हणालो, बॅग खांद्याला लावली आणि ताडताड निघालो. दरबानानं पुन्हा सलाम केला. त्याला आता माझी सवय झाली होती.

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथं बसून मी मोबाईल मांडीवर ठेवला. शेजारी एक रिक्षावाला बशीत चहा ओतून पीत होता. त्यानं बॅगेकडे पाहिलं, हॉटेलाकडे पाहिलं.

"क्या साब, निकाल दिये क्या?"

"नै मियाँ. भाव चलरा."

"इसमें?" त्यानं बशी खाली ठेवली. "इसमें भाव चलता?"

"घरवाली को अंदर छोड़ के आया मैं. अब्बी देखो, बुलाते."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आप भोत हिम्मतवाले हैं, साब," एवढंच म्हणाला. मी ते कौतुक समजलो.

माझा दुसरा चहा संपत आला तेव्हा वसुधाचा फोन आला. तिचा आवाजच वेगळा होता, हलका, लग्नाच्या आधी असायचा तसा. "अहो, झालं. मिळाली खोली."

"कितीला?"

तिनं सांगितलं. मोबाईलवरच्या दराच्या निम्म्याहून खाली! मी बाकावरून उठलोच. आई, बाबा, सुलतान बाजार, सगळ्यांनी वरून माझ्यावर फुलं टाकली असतील. रिक्षावाल्याच्या चहाचे पैसे मी दिले, आणि त्याला सांगितलं, "देखे? रीत रीत होती."

"मान गए," तो म्हणाला, आणि रिक्षात बसून बघत राहिला.

बॅग घेऊन मी आत आलो. दरबानाला मीच सलाम केला. काउंटरवरच्या त्या मुलीकडे, हरलेल्या माणसाकडे बघावं तसं, जरा मायेनं पाहिलं आणि लिफ्टकडे वळलो. तिथं उभ्या असलेल्या गार्डनं हात आडवा केला.

"कौनसा फ्लोर, सर?"

वसुधानं सांगितलेला मजला मी सांगितला.

"उधर जेंट्स नहीं जा सकते, सर."

"अहो, माझी बायको आहे वर. माझी मुलगी आहे."

"इसीलिए तो, सर."

मी काउंटरवर धावलो. ती मुलगी तितकंच गोड हसली आणि तिनं सगळं उलगडून सांगितलं. "सर, वो लेडीज़ फ्लोर है. ऑफिस के काम से अकेली आनेवाली मैडम लोगों के लिए. छुट्टी में ऑफिस बंद, तो वो फ्लोर खाली रहता है, रेट भी कम. मैडम ने पूछा, कुछ सस्ता है क्या. मैंने बोला, आप दोनों के लिए है."

"मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"आप साथ में थे ना, सर."

सबंध हैदराबादेत त्या दिवशी परवडणारी एकच पंचतारांकित खोली होती, आणि ती न मिळण्याचं कारण, म्हणजे मी स्वतः, दुपारपासून बॅग घेऊन काउंटरपुढं उभा होतो! मी बाहेर गेलो आणि भाव उतरला. म्हणजे रीत चुकली नव्हती हो. फक्त उतरवला गेला होता तो मी.

मी वसुधाला फोन लावला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"अगं, मला वर येऊ देत नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चहा आलाय. ट्रेमधून. बिस्किटं पण आहेत."

"मग मी काय करू?"

ती घोट घ्यायला थांबली. मला तो घोट ऐकू आला. "तुम्ही रागावून गेला होतात ना? मग तसेच घरी जा आता. मधेच परत आलात की इथं भाव वाढतो."

फोन ठेवला तिनं. खोटं काही नव्हतं त्यात.

मी निघालो. फिरत्या दारापर्यंत अगदी सावकाश चाललो. दरबान सलामासाठी हात उचलायच्या बेतात होता, आणि तेवढ्यात मागून खणखणीत हाक आली, "बाबा!"

त्या दुपारी मला कोणीतरी पहिल्यांदाच हाक मारली होती. ऊर भरून आला. पण मी लगेच वळलो नाही. पहिल्या हाकेला वळलं की भाव जातो, हे रक्तातच आहे. दुसरी हाक आली. मग मात्र चेहरा शक्य तितका करारी करून मी वळलो. केतकी लिफ्टमधून धावत येत होती, पायांत हॉटेलच्या पांढऱ्या सपाता.

"बाबा, बरं झालं थांबलात," ती धापा टाकत म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरचा पट्टा सोडवायला लागली. "आईची बॅग तुमच्याकडेच राहिली."