पिस्तुलाला लावलेलं हळद-कुंकू

कमरेला पिस्तूल लावून जेवायला बसलं की घास नीट उतरत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वाकलं की मूठ बरगडीला टोचते, मोटारसायकलवर बसलं की जांघेत रुततं, आणि उन्हाळ्यात त्याच्याखाली घामोळं उठतं. हे चौथं वर्ष. सवय झाली का विचाराल तर झाली. पण सवयीनं थकवा जात नाही.

मी मूळचा खर्ड्याकडचा. आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयते बांधून निघायचं, त्यामुळे माझी शाळा दरवर्षी मध्येच तुटायची. सातवीत ती कायमची तुटली. लग्नानंतर दोन हंगाम मीही तोडणी केली आणि मग पुणतांब्याजवळ एका वस्तीवर सालगडी म्हणून राहिलो. जिल्हा एकच, पण ते एक टोक आणि हे दुसरं. गावी जायचं म्हणजे एसट्या बदलत दिवस मोडतो. इथं मालकांनी राहायला खोली दिली आणि पहिल्याच महिन्यात माझ्या पोरीचा हात धरून तिला स्वतः शाळेत नेऊन बसवलं. गुरुजींनी आधीच्या शाळेचा दाखला मागितला तर म्हणाले, "दाखला यील मागनं. पोरगी आली हाय ना?" ती आता नववीला आहे. तिची शाळा एकदाही तुटली नाही. मालकांसाठी मी जे केलं त्याच्या मागे हे आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

शेजारच्या वस्तीवर दरोडा पडला, तिथून हे सुरू झालं. चोरट्यांनी म्हाताऱ्या नवरा-बायकोला खाटेला बांधून मारहाण केली. आमचे मालक आणि त्यांची बायको, म्हणजे काकी, हीही दोघंच. मुलं नोकऱ्यांना बाहेर. मालकांनी परवान्यासाठी अर्ज केला. चौकशा आणि खेटे होऊन कागद हातात येईपर्यंत मालकांचा उजवा हात थरथरायला लागला होता, चहाची बशी धरवत नव्हती. मग त्यांच्या वतीनं हत्यार बाळगणारा माणूस म्हणून परवान्यावर माझं नाव लागलं. कारकुनानं विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "सातवी." "बास की," तो म्हणाला, "गोळीला कुठं वाचता येतंय!"

नगरच्या दुकानात दुकानदारानं काचेवर कापड पसरून दोन हत्यारं मांडली. एक रिव्हॉल्व्हर, एक पिस्तूल, दोन्ही बत्तीस बोरची. "नवख्या माणसानं रिव्हॉल्व्हर घ्यावं," तो म्हणाला. "ते सहसा अडकत नाही. पिस्तुलाला निगा लागते." मी रिव्हॉल्व्हर कमरेला लावून आरशासमोर उभा राहिलो. शर्टाखाली मोठं गळू झाल्यासारखा फुगवटा दिसला. पिस्तूल चपटं होतं. शर्ट खाली सोडला की दिसेनासं झालं.

मालक म्हणाले, "तुला कुठलं जमंल ते सांग. वागवायचं तुला हाय."

"हे चपटं."

"का रं?"

"दिसत न्हाई."

दुकानदार हसला. "लोकं दिसावं म्हणून घेतात, पाव्हणं!"

माझ्या डोक्यात पोरगी होती. बापाच्या कमरेला असलं काही आहे हे तिच्या मैत्रिणींना दिसू नये, एवढंच. हत्यार निवडताना चोराचा विचार करायचा असतो. मी केला नाही.

दुकानदारानं निगा राखायला तेलाची बारकी बाटली दिली होती. ती दसऱ्याच्या आधीच संपली. खंडेनवमीला काकींनी पाटावर विळे, कुऱ्हाडी, पंपाचे नट खोलायचे पाने मांडले आणि म्हणाल्या, "तुझंबी आण की." आमच्या घरी या दिवशी कोयत्यांची पूजा असायची. आई कोयता धुवायची, पुसायची, गोडेतेल चोळायची, मग हळद-कुंकू लावायची. वर्षाची भाकरी त्याच्यावर असते, कमी करून कसं चालेल? मी गोळ्या काढून ठेवल्या आणि पिस्तुलाला तसंच न्हाऊ घातलं. कोरडं करून गोडेतेल लावलं, तेही सढळ हातानं, प्रत्येक फटीत जाईल असं. काकींनी वर चिमटीनं हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी हात जोडून मनात म्हटलं, तुझ्यावर वेळ येऊ देऊ नकोस.

दुपारी वरून पुसून गोळ्या भरल्या आणि कमरेला लावलं. एक गोळी नळीत चढवून ठेवायची नाही असं दुकानदारानं बजावलं होतं. मी चढवलेली ठेवायचो. भीती होती, दुसरं काय! वेळेला हात चालला नाही तर?

त्या हंगामात वस्तीला लागूनच ऊसतोड सुरू होती. आठवडाभर लोक सांगत होते की दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवरून वस्त्या बघत फिरतायत. एका दुपारी मालक-काकी आत झोपले होते, मी ओट्यावर पंपाचा स्टार्टर उघडून बसलो होतो. मागं पाचट वाजलं. वळून बघतो तर दहा पावलांवर माणूस. तोंडाला फडकं, हातात कोयता.

पुढचं मी ठरवून केलं नाही. पिस्तूल हातात आलं, खटका सरकवला, आणि मी घोडा दाबला.

चिमणीनं दाणा टिपावा एवढा आवाज झाला. बाकी काही नाही.

माणसानं कोयता हळूच खाली ठेवला. तोंडावरचं फडकं काढलं. माझ्याच वयाचा, चेहरा पाचटानं ओरबाडलेला.

"दादा," तो म्हणाला, "वाईच मोबाईल लावायचा हुता चार्जिंगला. पोरगी गावाकडं हाय आजीपशी. सांच्याला फोन करती."

"कुठलं गाव?" मी विचारलं.

"पाथर्डीकडं. तुमी?"

"खर्डा."

"मंग आपलंच की!" तो हसायला बघत होता. डोळे माझ्या हाताकडे होते. "हे खरं हाय का जत्रंतलं?"

"जत्रंतलं," मी म्हणालो.

मी मोबाईल लावून दिला, तांब्याभर पाणी दिलं. तो गेल्यावर गोठ्यामागं गेलो. तिथं ती नळीतली गोळी काढून परत बाकीच्यांत घातली आणि कुणाला काही बोललो नाही. पोरगी शाळेतून आली, तिनं कविता म्हणून दाखवली. एक ओळ डोक्यात शिरली नाही.

पंधरा दिवसांनी मीच म्हणालो, "मालक, एकदा साफ करून आणू." गोळी का उडाली नाही, ते मला कळून घ्यायचं होतं. दुकानदारानं ते खोललं आणि ओरडलाच. आतमध्ये पिवळा-तांबडा चिकट थर बसला होता, गोडेतेल वाळून त्याचा डिंक झाला होता. "पूजा केली का काय याची?"

मालक खळखळून हसले. "बरं झालं, मधी कोण आलं न्हाई."

दुकानदार एकेक गोळी उजेडात धरून बघत होता. एक त्यानं बाजूला ठेवली. तिच्या बुडाला टोचल्याएवढी खूण होती. "मालक, ही झाडली होती. पिन चिकटली म्हणून जोर बसला नाही. कुणावर झाडली?"

मालकांचं हसू थांबलं.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो. राहुरी मागं पडल्यावर मालकांनी विचारलं.

"कोण हुता?"

"ऊसतोडीच्या टोळीतला. मोबाईल चार्ज करायला आल्ता. हातात कोयता हुता."

"तोडणीवाल्याच्या हातात काय, वही आसंल?"

मला रडू फुटलं. "मालक, माझं नाव काढा परवान्यावरनं."

मालकांनी थरथरता हात दुसऱ्या हातानं दाबून धरला. "काढतो. तू म्हणशील तर उद्याच काढतो. मंग दुसरा बघावा लागंल. त्यो मिशीला पीळ दीऊन फिरंल आन् त्याचं पिस्तूल साफ आसंल. दारात असाच कुणी आला तर?" मग म्हणाले, "मला आता भ्यालेलाच मानूस पायजे. पन तुझ्यावर जबरदस्ती न्हाई."

पोरीच्या शाळेबद्दल एक शब्द काढला असता तर रागानं तरी सुटलो असतो. त्यांनी काढला नाही.

तेव्हापासून पिस्तूल उजव्या कमरेला आणि गोळ्या डाव्या खिशात, असं आमच्या दोघांत ठरलंय. भरायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात आलेल्या माणसाचं तोंड बघायचं. खंडेनवमीला काकी आता पाटावर नुसतं फूल ठेवतात, लांबून. पिस्तूल आता चोख चालतं. रात्री ते कपाटात ठेवून पाठ टेकतो तेव्हा मला ते चालतं याचंच ओझं वाटतं.

यंदाही टोळी आली. तो पाथर्डीचा माणूस तिच्यात आहे. मोबाईल लावायला येतो, पण आता येताना उसाच्या कडेलाच थांबतो, कोयता बांधावर ठेवतो, दोन्ही हात वर करतो आणि ओरडतो, "दादा, मी हाय! मी हाय ओ!"

मी "ये" म्हणेपर्यंत तो तिथून हलत नाही.