घोडी भरमाआप्पांनी पाडली नव्हती

तीन आठवड्यांपूर्वी क्लबातल्या एका जुन्या सभासदाचा फोन आला. "अहो, तो घोडी पाडलेला भरमा गेला म्हणे." चाळीसहून जास्त वर्षं उलटली, माणूस मातीत गेला, तरी ओळख तीच! मी फोन आपटला. नात म्हणाली, "आजी, कुणावर चिडलीस गं?" काय सांगू तिला... यादी मोठी आहे आणि तिच्यात पहिलं नाव माझंच.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बेळगावात आमच्या क्लबाचं घोडेस्वारीचं रिंगण पत्र्याच्या छपराखाली होतं. खानापूरकडचे शेतकरी भरमाआप्पा तिथली जमीन राखायचे. आत पावसाचा थेंब येत नसे, म्हणून रेतीला पाणी हातानं द्यायचं. भिंतीकडेनं घोडे फिरून फिरून चर पडे. बाजूला सरकलेली रेती दंताळ्यानं ओढून आप्पा तो भरायचे, वरून फळी फिरवायचे. मग ओली रेती मुठीत दाबून बोटानं टोचायचे. गोळा फुटला तर ठीक, नाही तर पाणी जास्त. मी तिथली टायपिस्ट. टिळकवाडीतून सायकलवर येणारी, नायलॉनची साडी, बावीस वर्षांचं शहाणपण! "आप्पा, घोड्यांना लाडू वळताय काय?" असं म्हणून खिदळायची. आप्पा म्हणायचे, "वळतोय की. तुझ्या सायेबाला पण एक दे."

त्या वर्षी रेतीत मिसळायला लाकडाचा भुसा मिळेना. माझं आजोळ निपाणीचं. तिथं वखारींत तंबाखूच्या काड्यांचा चुरा ढिगानं पडलेला असतो, अगदी मऊ... हे ज्ञान मी सेक्रेटरीसाहेबांपुढं पाजळलं. साहेब खूश, मी त्यांच्याहून खूश. ट्रक आला. आप्पांनी चुरा भिजवून बोटांत चोळला. "सायेब, हे न्हाय चालायचं. वाळलं की उडतंय, भिजलं की शेवाळागत निसरतंय."

"तुम्हाला लई कळतंय!" हे साहेब नव्हेत, मीच म्हणाले.

पहिल्या दिवशी सगळे घोडे शिंकले. घोडा शिंकला की काय काय उडतं, ते माझ्या साडीला कळलं. धूळ बसावी म्हणून साहेबांनी पाणी ओतायला लावलं, आप्पा नको नको म्हणत असताना. चौथ्या दिवशी कोपऱ्यावर वळताना चंद्री घोडी घसरली. पुढचा पाय मोडला. तिला गोळी घालावी लागली...

रिपोर्ट मी टाइप केला. जमीन राखण्यात भरमाचा हलगर्जीपणा, असा. चुऱ्याचा शब्द नाही. साहेब सांगत गेले, माझी बोटं चालत राहिली. एकही अक्षर चुकलं नाही याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. हो, अभिमान! आप्पांना काढलं. निघताना ते एवढंच म्हणाले, "तो चुरा तेवढा काढा, न्हायतर दुसरं घोडं पडंल."

परवा त्यांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोला, शांताक्कांना, सगळं सांगून टाकलं.

"म्हाईत हाय मला. त्यांनी सांगितलंतं," त्या म्हणाल्या.

"मग कुणाजवळ बोलले कसे नाहीत?"

"म्हणायचे, पोरगी लहान हाय, नोकरी जाईल तिची."

लहान! चांगली बावीस वर्षांची घोडी होते मी. मला त्या माणसाचाही संताप आला. क्लबाच्या दारात उभं राहून माझ्या नावानं ओरडला का नाहीत, आप्पा? तेवढी तरी शिक्षा द्यायची होती.

शांताक्कांनी मला गोठ्यात नेलं. रोज संध्याकाळी आप्पा तिथली सगळी जमीन अनवाणी चालून बघायचे, मगच म्हैस आत घ्यायचे. आता त्या चालतात. मी चपला काढल्या. निदान एक तरी खड्डा सापडावा, आप्पांची एक तरी चूक निघावी, म्हणून चिडून कोपरा न् कोपरा तुडवला... नाही सापडला.