हौसेराव निकमची अकरा नावं

देवाला हजार नावं असली तरी चालतं, त्याला कुठं गेटवर पास दाखवायचा असतो! पन हौसेराव निकमला अकरा होती. त्यातलं एकच त्याच्या आईनं ठेवलेलं. बाकीची दहा कंपनीच्या मुकादमानं.

मी पुतळाबाई. महाप्याला रंगाच्या कंपनीच्या गेटसमोर माझी चहाची टपरी हाय. कंपनी उभी हाय तिथं आमचं भात पिकायचं. जमीन गेली तवा साहेब बोलले, घरटी एक नोकरी देऊ. दिली ना, गेटच्या बाहेरची! जाऊ दे, माझं रडगानं नंतर. आज हौसेरावचं सांगते.

नव्वद साली तो साताऱ्याकडनं आला, बायको रंगूबाईला घेऊन. अंगानं धडधाकट, स्वभावानं गाय. कंपनीत काम काय, तर पिवळ्या पावडरीची पोती फोडायची आनि पिंपात ओतायची. हातमोजे होते हां, नाय कशाला बोलू? तपासनीस साहेब यायचा त्या दिवशी कपाटातनं निघायचे, साहेबाची गाडी वळली की परत कपाटात. सहा महिन्यांत हौसेरावचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. साबन झाला, राख झाली, रॉकेल झालं, रंग काय हटेना. रंगूबाई चारचौघींत बोलायची, "आमच्या ह्यांची हळद काय उतरत न्हाय बाई." बाया हसायच्या, तीही हसायची.

आता कायदा बोलतो म्हने, की मानूस सलग दोनशेचाळीस दिवस राबला की त्याला उठसूट हाकलता येत नाय, तो कायम व्हायच्या रांगेत लागतो. कायदा लिहिनाऱ्याचं भलं होवो. पन कंपनी काय दूधखुळी हाय? तिनं ठेकेदार नेमला, ठेकेदारानं कुंदन मुकादम नेमला. हा कुंदन माझ्याच गावचा, माझ्या चुलत जावेचा पोरगा. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं.

सव्वादोनशे दिवस भरले की कुंदन मानसाला पंधरा दिवस घरी बसवायचा आनि परत घ्यायचा तो नव्या नावानं. जुना गेला, नवा आला, रजिस्टर कसं धुतल्यासारखं स्वच्छ! आनि नावं आनायची कुठून? माझ्या टपरीत खिळ्याला लग्नपत्रिका अडकवलेल्या असायच्या. चहा पिता पिता कुंदन त्या वाचायचा आनि एका नावावर बोट ठेवायचा. 'आपले विनीत'मधनं पंढरी निघाला. एकदा तर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' वाल्या चिल्ल्यापिल्ल्यांतलं एक उचललं, आनि चाळिशीचा, डोक्यावर चार केस उरलेला हौसेराव आठ महिने यशराज म्हनून पोती फोडत होता. मी चहा देताना विचारायचे, "काय यशराजबाळ, दूध जास्त टाकू का?" तो बिचारा लाजायचा.

पासावरचा फोटो मात्र तोच. कुंदन तो सोलून काढायचा आनि खळीनं नव्या पासावर चिकटवायचा. पास संध्याकाळी गेटवर जमा, सकाळी नावं पुकारून वाटप. घरी न्यायची सक्त बंदी. आनि पास वाटता वाटता हा मधेच एखादं जुनं नाव पुकारायचा. जो वळला, ज्यानं ओ दिली, त्याचा पास टराटरा फाडायचा. का, तर उद्या साहेबासमोर असाच वळलास मग?

हौसेराव यात पक्का तरबेज झाला. मागनं कोनी कितीही बोंबलो, मान हालायची नाय. पहिलं नाव हौसेराव, म्हंजे तेही जुन्यातच आलं. घरी रंगूबाई 'अहो' बोलायची, पोरं 'अन्ना' बोलायची, गाव तर सुटलेलं. आठ वर्षांत त्याला हौसेराव अशी हाक एकट्या कुंदननं मारली, तीही पास फाडायला.

अठ्ठ्यान्नव साली त्याचा खोकला सुरू झाला. कामगारांच्या दवाखान्यात गेला तर तिथं विचारलं, नाव काय आनि नोकरी किती वर्षं? ह्यानं रजिस्टरातलं सांगितलं. तवा तो धर्मराज होता, आनि धर्मराजची नोकरी अवघी दोन महिन्यांची. दोन महिन्यांत एवढा खोकला कसा होईल, बोलले, आनि दिला लावून. मला ऐकून असा संताप आला! मी बोलले, "अरे मेल्या, फुप्फुस तर आठ वर्षं एकच हाय ना, की तेही कुंदननं बदललं?"

मीच त्याला उत्कर्षा वकीलबाईकडं नेला. पोरगी हुशार. तिनं केस लावली: हौसेराव निकम आठ वर्षं सलग राबतो, त्याला कायम करा. कायम झाला की त्याच्या खोकल्याला डाक्तर मिळेल, एवढंच त्याचं मागनं. कंपनीनं लिहून दिलं, हौसेराव निकम नव्वद सालीच काम सोडून गेला, सध्या कुठं असतो ठाऊक नाय. आनि हे लिहीत होते तवा हौसेराव भिंतीपलीकडं पोती फोडत होता! कुंदनला त्याला काढताही येईना. काढायचा तर धर्मराज म्हंजेच हौसेराव हे कबूल करावं लागलं असतं.

तारखेला हौसेरावला घेऊन मी कोर्टात साक्षीला गेले. नवं लुगडं नेसून, सकाळपासनं बाकड्यावर. वकीलबाई दुसऱ्या केसला आत. दुपार झाली, मला राहवेना, मी खाली मुतारी शोधायला गेले. एवढी मोठी सरकारी इमारत, बायांची मुतारी सापडायला अर्धा तास!

वर आले तर हौसेराव बाकड्यावर ताठ बसलेला. दारात कुंदन उभा, दात काढून. हौसेराव माझ्या कानाशी लागला, "पुतळाताई, आत्ता परीक्षा घेतली. शिपायानं तीनदा हाक मारली, 'हौसेराव निकम हाजीर हो.' समोर मुकादम बघतच हुता. पर म्या मान वळवली न्हाय!"

आनि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडं बघाय लागला.

कागदावर लिहून आलं: अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली. मी त्याला काय काय बोलले ते इथं सांगत नाय. मग मलाच रडू आलं, कारन शिकवलेलं त्यानं बरोबरच केलं होतं. वकीलबाई बोलली, "पुन्हा अर्ज करू. पण पुतळाबाई, एक तरी पास हवा हो. नुसत्या पिवळ्या हातांवर कोण विश्वास ठेवणार?" पास कुठून आनू? तो तर गेटबाहेर निघतच नव्हता.

मी मनाशी बोलले, निदान पुढच्या वेळी हाकेला उठला पायजे. दुसऱ्या दिवसापासनं मी त्याला शिकवायला घेतलं. सुट्टी झाली, चहाला आला, की मी ओरडायची, "हौसेराव!" तो भिंतीसारखा. मी चमच्यानं किटली वाजवायची, "अरे तुझंच नाव हाय ते, आईनं ठेवलेलं!" आठवड्यानं त्याची पापनी हालली. महिन्यानं तो अर्धा वळला. रंगूबाईलाही सांगितलं, 'अहो' बंद कर. तिनं लाजत लाजत नावानं हाक मारली तवा हा घाबरून चुलीपासनं उठला म्हने.

मग तो सोमवार आला. सकाळी पास वाटप चाललेलं, वीसेक जन गेटसमोर उभे, कुंदन स्टुलावर. हौसेरावनं धर्मराजचा पास हातात घेतला, तेवढ्यात त्याचा डबा माझ्या बाकड्यावर राहिलेला मला दिसला. आनि माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं, "हौसेराव!"

तो गर्रकन वळला. "ओ!" बोलला, खनखनीत.

कुंदनलाही आठ वर्षांची सवय. विचार करायला डोकं लागतं, हाताला लागत नाय. त्यानं झडप घालून पास हिसकला, टराटरा फाडला आनि माझ्या टपरीच्या दिशेनं भिरकावला. "चल निघ, हौसेराव!" बोलला, सगळ्यांसमोर.

मग त्याच्या ध्यानात आलं. स्टुलावरनं उडी मारून धावला, पन तोवर मी एकूनएक तुकडा वेचून लुगड्याच्या ओच्यात घातला होता. तो बोलला, "काकी, दे इकडं." मी बोलले, "हात तर लाव!"

तुकडे आता बिस्किटाच्या डब्यात हायेत. फोटो हौसेरावचा, नाव धर्मराजचं. त्याची नोकरी गेली, खोकला हायच, पुढची तारीख पावसाळ्यानंतर. मी साक्षीला जानार, आनि या वेळी मुतारी आधीच बघून ठेवनार. मला कुंदनला एकच विचारायचं हाय: हौसेराव निकम नव्वद सालीच गेला ना बाबा, मग तो वळला म्हनून धर्मराजचा पास का फाडलास?